गडग्यावरची डाक

"ओव्हनमध्ये?" वहिनींचं सूप हातातच थांबलं. "कागद घातला ओव्हनमध्ये?"

"पाचच मिनिटं. ओल काढायला."

"आणि जळला नाही?"

"जळला असता तर तुम्हाला सांगायला गोष्ट उरली असती का?"

आमच्या आणि त्यांच्या परसामध्ये जांभ्याचा कमरेइतका गडगा आहे. सकाळची कामं उरकली की वहिनी तांदूळ पाखडायला नाहीतर चिंचा फोडायला तिथे येतात, आणि मी झाडांना पाणी घालायला. पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला चार झाडांना पाणी घालायला इतका वेळ कसा लागतो, हा आमच्या घरातला वादाचा विषय आहे. त्या दिवशी वहिनींच्या नातवाने किनाऱ्यावरून परदेशी अक्षरांची एक जाड काचेची बाटली आणली होती आणि ती फिनेलला बरी पडेल असं वहिनींचं मत होतं. मी एवढंच म्हटलं की आधी आत काही आहे का बघा. त्यावरून गाडी ऑस्ट्रेलियाला गेली.

"पर्थच्या उत्तरेला १८० किलोमीटरवर वेज आयलंड म्हणून जागा आहे," मी म्हटलं. "२०१८ सालचा जानेवारी. एक बाई वाळूच्या टेकाडांतून चालली होती, तिला जुनी बाटली दिसली. कपाटात शोभेला बरी म्हणून उचलली. बूच कधीच गेलेलं, आत वाळू. आणि त्या वाळूत दोऱ्याने बांधलेली एक बारीक गुंडाळी. घरातल्या एका पोरीला वाटलं, विडी असेल."

"मग ती विडी ओव्हनमध्ये."

"हो. सुकवून उलगडली तर छापील जर्मन मजकूर. हाताने लिहिलेलं काही दिसेना. मग निरखून बघितलं तेव्हा पुसट अक्षरं लागली. १२ जून १८८६. जहाजाचं नाव पाउला."

"एकोणीसशे म्हणायचंय तुम्हाला."

"अठराशे शहाऐंशी, वहिनी. टिळक-आगरकरांचा 'केसरी' निघून पाच वर्षं झाली होती तेव्हाची चिठ्ठी."

वहिनींनी सूप गडग्यावर ठेवलं. हे त्यांचं नीट ऐकण्याचं लक्षण. "कुणाला लिहिलेली? बायकोला?"

इथे मला जरा जपून बोलावं लागलं, कारण त्यांची निराशा होणार होती. ती चिठ्ठी म्हणजे सरकारी फॉर्म होता. हॅम्बर्गला जर्मनांची सागरी वेधशाळा होती. तिने १८६४ पासून १९३३ पर्यंत असा उद्योग केला: जहाजांच्या कप्तानांना छापील फॉर्म द्यायचे. कप्तानाने त्यावर तारीख, अक्षांश-रेखांश, जहाजाचं नाव, कुठून कुठे चाललंय ते भरायचं, बाटलीत घालून समुद्रात सोडायचं. ज्याला सापडेल त्याने मागच्या बाजूला कुठे आणि केव्हा सापडली ते लिहून हॅम्बर्गला धाडायचं, नाहीतर जवळच्या जर्मन वकिलातीत द्यायचं. टाकल्याची जागा आणि सापडल्याची जागा कळली की समुद्रात पाणी कुठून कुठे वाहतं त्याचा अंदाज येतो. हजारो बाटल्या टाकल्या. फॉर्म परत आले ६६२.

"फॉर्म," वहिनी म्हणाल्या. तोंडात कारलं आल्यासारख्या.

मला मात्र त्या फॉर्मचंच कौतुक वाटतं. पुढे काय झालं बघा. पर्थच्या संग्रहालयातल्या लोकांना साहजिकच शंका आली की कुणी थट्टा केली असेल. त्यांनी बाटली तपासली. ती एकोणिसाव्या शतकातली डच बनावटीची जिनची बाटली निघाली. मग जर्मनीत विचारणा केली. तिथल्या दप्तरात पाउला जहाजाची हवामानाची मूळ नोंदवही शाबूत होती. १२ जून १८८६ चं पान काढलं तर कप्तानाने लिहून ठेवलेलं, आज एक बाटली समुद्रात सोडली. तारीख तीच, जागा तीच, अक्षराचं वळणही तेच. जहाज कार्डिफहून निघून मकासारला चाललं होतं आणि ऑस्ट्रेलियाचा किनारा तिथून ९५० किलोमीटर लांब होता. बाटली टाकली यात विशेष काही नाही, ती कुणीही टाकेल. टाकली असं वहीत लिहून ठेवलं आणि ती वही कुणी रद्दीत घातली नाही, म्हणून १३१ वर्षांनी पाठवणारा सापडला.

"म्हणजे ती बाटली १३१ वर्षं समुद्रात भटकत होती?"

"तसं नाही. संग्रहालयवाल्यांचं म्हणणं, वर्षभरातच किनाऱ्याला लागली असेल आणि वाळूखाली गाडली गेली असेल."

"मग वर्षभर नोकरी आणि एकशेतीस वर्षं पेन्शन!" वहिनी म्हणाल्या आणि माझ्या हातातल्या पाइपाकडे बघितलं.

आतून आमच्या हिचा आवाज आला, "पाण्याचा पंप चालू आहे म्हणावं." मी पंप बंद करून परत आलो तोवर वहिनींनी फिनेलची बाटली उन्हात धरून डोळा लावून आत बघून घेतलं होतं. रिकामी होती.

"फॉर्म भरून पाठवणाऱ्याला काही द्यायचे का हो?" त्यांनी विचारलं.

जर्मनांचं ठाऊक नाही, पण इंग्रज द्यायचे. प्लायमाउथला सागरी जीवशास्त्राची संस्था आहे, तिथले जॉर्ज पार्कर बिडर म्हणून एक शास्त्रज्ञ. १९०४ ते १९०६ या काळात त्यांनी उत्तर समुद्रात हजारावर बाटल्या सोडल्या. या तरंगणाऱ्या नव्हेत. वजन असं तोललेलं की बाटली बुडून समुद्राच्या तळाच्या जरा वर वाहत राहावी, म्हणजे वरच्या वाऱ्यालाटांची लुडबूड न होता तळाचा प्रवाह कळतो. आत पोस्टकार्ड. त्यावर इंग्रजी, जर्मन आणि डच अशा तीन भाषांत लिहिलेलं की कार्ड भरून पाठवाल तर एक शिलिंग मिळेल. कोळ्यांच्या जाळ्यात त्या अडकत आणि शिलिंगासाठी ते कार्ड धाडत. त्यातली एक राहिली होती. ती २०१५ च्या एप्रिलमध्ये जर्मनीच्या आमरुम बेटावर सुट्टीला आलेल्या एका निवृत्त बाईंना सापडली. काचेतून आत एवढंच वाचता येत होतं की बाटली फोडा.

"फोडली?"

"आधी नाही. नवराबायकोने कार्ड बाहेर काढायची बरीच खटपट केली. शेवटी फोडावीच लागली."

"छान बाटली असेल हो," वहिनी हळहळल्या. "आणि शिलिंग?"

"पाठवला की! शिलिंग हे नाणं इंग्लंडात चलनातून गेलं त्यालाही जमाना झाला. पण संस्थेने ई-बेवर जुना शिलिंग शोधला, विकत घेतला आणि त्या बाईंना आभारपत्रासोबत पाठवून दिला. कबूल केलं ते केलं."

यावर वहिनींनी मान डोलावली. एक शिलिंग, तोही १०८ वर्षांनी. व्यवहार चोख असला की वहिनींना तो फॉर्मही चालतो. त्यांना आणखी खूश करायला मी अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेचे डीन बम्पस काढले. या गृहस्थांनी १९५० आणि ६० च्या दशकांत अटलांटिकच्या किनाऱ्यालगत तीन लाखांच्या आसपास बाटल्या सोडल्या, बहुतेक दारूच्या, सहकाऱ्यांनी रिकाम्या करून आणून दिलेल्या. चिठ्ठी परत करणाऱ्याला पन्नास सेंट. शंभरातल्या साधारण दहा परत आल्या.

"तीन लाख बाटल्या!" वहिनी म्हणाल्या. "नुसत्या धुवायच्या म्हटल्या तरी."

मग त्यांनी विचारायचा तो प्रश्न विचारला. "हे सगळं शास्त्राचं झालं. पण माणसाने माणसाला लिहिलेली नाही का एखादी?"

टॉमस ह्यूज मी मुद्दाम मागे ठेवला होता. पोस्टात जन्म घालवलेल्या माणसाला ही गोष्ट जरा जास्तच लागते. १९१४ चा सप्टेंबर, पहिलं महायुद्ध नुकतंच पेटलेलं. ह्यूज हा डरहमच्या पायदळातला साधा शिपाई, वय २६. फ्रान्सला चाललेल्या बोटीवरून त्याने बायकोला पत्र लिहिलं. जिंजर बिअरची बाटली होती, रबरी फिरकीच्या बुचाची. पत्र आत घातलं आणि त्याच्यासोबत दुसरी एक चिठ्ठी, सापडेल त्याच्यासाठी. की बाबा रे, कुणीही असशील, आतलं पत्र माझ्या बायकोला पोचतं कर, एका गरीब शिपायाचा आशीर्वाद मिळेल. इंग्लिश खाडीत बाटली टाकली. त्याच महिन्यात फ्रान्सात तो मारला गेला.

"आणि बाटली?"

"१९९९ साली. एसेक्सच्या किनाऱ्यालगत एका मच्छीमाराच्या जाळ्यात आली. ८५ वर्षांनी."

"बायको कुठली असणार," वहिनी हळूच म्हणाल्या.

"नव्हती. वीस वर्षं आधीच, १९७९ ला गेली. न्यूझीलंडमध्ये. पण मुलगी होती. बाप निघाला तेव्हा जेमतेम दोन वर्षांची, पत्र सापडलं तेव्हा ८६ वर्षांची, ऑकलंडला. आणि वहिनी, हे ऐका. न्यूझीलंडच्या टपाल खात्याने त्या मच्छीमाराला आणि त्याच्या बायकोला विमानाचं तिकीट काढून दिलं. त्याने ते पत्र स्वतःच्या हाताने त्या मुलीला नेऊन दिलं."

मी थांबलो. मला वाटलं वहिनी डोळे पुसतील. त्या म्हणाल्या, "त्याने वाचलं असणार आधी."

"कुणी?"

"कोळ्याने. दुसऱ्याच्या बायकोचं पत्र."

"अहो, वाचल्याशिवाय कुणाचं ते कळणार कसं? आणि वरच्या चिठ्ठीत पोचवायला सांगितलेलंच होतं."

"वरची चिठ्ठी वाचायची. आतलं नाही," वहिनी म्हणाल्या. हे बोलणाऱ्या बाई कोण, तर आमच्या हिच्या भावाच्या मुलाचा साखरपुडा मोडल्याचं आम्हाला कळायच्या आधी ज्यांना ठाऊक होतं त्या. पण मुद्दा त्यांचा बरोबर होता. टपालाच्या नियमातही तेच आहे. पत्ता अपुरा असेल आणि पाठवणाराही कळत नसेल तर पत्र परतपत्र कार्यालयात जातं आणि तिथल्याच माणसाला ते उघडायची मुभा असते. खिडकीवरच्या कारकुनाला नाही. दुसऱ्याची बाटली उघडणाऱ्याला इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीने फाशी ठोठावली होती आणि बाटल्या उघडायला दरबारी अधिकारी नेमला होता, अशी एक कथा फिरते. ती व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीत आहे. कादंबरीतली म्हणूनच ती घ्यावी.

"पण मला एक सांगा," वहिनी म्हणाल्या, "त्या मुलीला शोधलं कसं? इंग्लंडातून न्यूझीलंडला गेलेली, लग्न होऊन आडनाव बदललेलं."

"चौकशी करून. वर्तमानपत्रात बातमी आली, कुणी कुणाला विचारलं."

"म्हणजे आम्ही करतो तेच. आम्ही केलं की भोचकपणा."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण वहिनींचा या बाबतीतला लौकिक मीच पोस्टात असताना वापरलेला आहे. एकदा पाकीट आलं होतं, पत्ता एवढाच: 'बापू, लाल गेटवाले, विहिरीपाशी', खाली आमच्या गावाचं नाव. आमच्या गावात त्या वेळी तीन बापू, गेट कुणाचंच लाल नाही. मी पाकीट गडग्यावर ठेवलं. वहिनींनी हस्ताक्षर बघितलं, मुंबईचा शिक्का बघितला आणि सांगितलं, हे वरच्या वाडीतल्या बापूंचं, त्यांच्या मेहुणीने लिहिलंय, कारण गेट लाल होतं ते तिच्या लग्नात, नंतर त्यांनी हिरवं केलं. बापूंना पाकीट दिलं, मेहुणीचंच निघालं. १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी देशाला पिनकोड दिला, थोर काम केलं. पण पिनकोड पाकीट गावात आणून सोडतो, त्याच्या पुढे वहिनीच लागतात.

बाटलीचंही तसंच आहे. अमेरिकेत एक गृहस्थ आहेत, त्यांचा छंदच बाटल्या शोधण्याचा. त्यांना २०११ साली कॅरिबियनजवळच्या बेटांवर एक कोकची बाटली सापडली. चिठ्ठी इंग्रजीत, बरीचशी उडालेली. अमुक नंबर, ओशन बुलेव्हार्ड, बीचकोंबरच्या मालकिणीकडे परत करा आणि १५० डॉलर बक्षीस घ्या. आता ओशन बुलेव्हार्ड नावाचे रस्ते अमेरिकेच्या किनाऱ्यावर पैशाला पासरी. या माणसाने शोधत शोधत न्यू हॅम्पशायरमधलं हॅम्प्टन गाव गाठलं. तिथे पूर्वी बीचकोंबर नावाचं मोटेल होतं. मालक-मालकीण दोघंही वारलेले, मुलगी हयात. अक्षर तिने ओळखलं, वडिलांचं. त्यांनी आईची चेष्टा म्हणून तिच्या नावावर बक्षीस लावून दिलं होतं.

"दिले का १५० डॉलर?"

"मुलीने दिले."

"बापाने केलेलं कर्ज फेडलंन, गुणाची पोर," वहिनी म्हणाल्या.

या शोधणाऱ्यांचे काही ठोकताळे ऐकण्यासारखे आहेत. ओला कागद ओढायचा नाही, फाटतो. सावकाश सुकू द्यायचा, ओव्हनची घाई सगळ्यांना मानवत नाही. शाई उन्हाने आणि पाण्याने उडते, शिसपेन्सिल टिकते. मला आमच्या पोस्टातली कॉपिंग पेन्सिल आठवली. थुंकी लावून लिहिलं की जांभळी उमटायची आणि ओठ जांभळे व्हायचे. तिने लिहिलेलं मात्र पाण्यात गेलं तर अख्खा कागद जांभळा करून ठेवेल. बाटलीत चिठ्ठी घालणाऱ्याने साधी शिसपेन्सिलच घ्यावी. आणि नुसतं नाव लिहू नये. तारीख, जागा आणि आपलं जहाज किंवा गाव लिहावं, म्हणजे चौकशी करणाऱ्याला धागा मिळतो.

अलास्कातल्या शिशमरेफ गावच्या मास्तरांना २०१९ च्या ऑगस्टमध्ये असा धागा मिळाला. ते सुकी लाकडं गोळा करत हिंडत होते, तर हिरवी बाटली दिसली. आत रशियन भाषेतलं पत्र. यांना रशियन येत नाही. त्यांनी फोटो काढून फेसबुकवर टाकला. काही तासांत रशियन जाणणारे धावून आले, भाषांतर झालं: २० जून १९६९, सुलाक जहाजाच्या खलाशांकडून शुभेच्छा, सापडेल त्याने कळवावं. मग रशियन टीव्हीवाल्यांनी मनावर घेतलं आणि सेवस्तोपोलला सुलाकचे कप्तान शोधून काढले, वय ८६. आधी म्हणाले, हे अक्षर माझं नाही. मग खालची सही बघितली. त्यांचीच.

"आनंद झाला असेल."

"झाला. मग त्या टीव्हीवाल्याने सांगितलं की सुलाक नव्वदच्या दशकात भंगारात गेली. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते जहाज बांधलं जात असताना देखरेख त्यांचीच होती म्हणे."

"मेल्याला काय गरज होती ते सांगायची!" वहिनी उसळल्या. "कुणाकडे गेलं की काय सांगायचं आणि काय गिळायचं ते कळायला हवं. नुसतं शोधून उपयोग नाही."

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात आणखी एक. इंग्लंडातून ऑस्ट्रेलियाला स्थलांतर करणारं कुटुंब, फेअरस्टार बोट, १३ वर्षांच्या पोराने १९६९ मध्ये बाटली टाकली. पन्नास वर्षांनी दक्षिण ऑस्ट्रेलियात टालिया किनाऱ्यावर बापाबरोबर मासे धरायला गेलेल्या ९ वर्षांच्या पोराला ती मिळाली. बातमीदारांनी शोध घेतला तर बाटली टाकणारा केव्हाच इंग्लंडला परतलेला. बहीण भेटली. ती म्हणाली, दादा घरी नाही, बोटीने फिरायला गेलाय, बाल्टिक समुद्रात.

वहिनी इतक्या हसल्या की तांदळात दोन चिमण्या उतरल्या होत्या त्या उडाल्या. "पन्नास वर्षांनी उत्तर आलं आणि हा परत बोटीवरच!"

तिथल्या सरकारी समुद्रशास्त्रज्ञांनी याही बाटलीबद्दल तेच सांगितलं. पन्नास वर्षं ती तरंगली नसणार, पहिल्या एकदोन वर्षांतच कुठेतरी वाळूत रुतून बसली असेल आणि वादळाने मोकळी झाली असेल. सगळ्याच जुन्या बाटल्यांचं मला तसं दिसतं. समुद्र पत्र लवकरच पोचवतो. घरी माणूस नसतो, इतकंच.

"लग्नबिग्न नाही का जमलं कुणाचं?" वहिनींनी शेवटी विचारलंच.

जमलं ना. एका स्वीडिश खलाशाने १९५० च्या दशकात कुणातरी दूरच्या सुंदर मुलीला उद्देशून चिठ्ठी टाकली. ती सिसिलीत सापडली, तिथल्या मुलीने उत्तर धाडलं, पत्रापत्री झाली आणि १९५८ ला लग्न. वहिनींनी मुलीचं घराणं, मुलाची नोकरी, सासू कशी होती असे तीन प्रश्न लागोपाठ विचारले. मला एकाचंही उत्तर देता येईना तेव्हा ही गोष्ट त्यांनी अर्धवट म्हणून निकालात काढली.

"आणि आपण टाकली तर?" त्यांनी नातवाची बाटली पुन्हा हातात घेतली. "इथून?"

"आधी तर टाकूच नये. किनाऱ्यावर थर्मोकोल, चपला आणि जाळ्यांचे गुंते कमी पडलेत का?"

"टाकत नाही हो. नुसतं विचारते. कुठे जाईल?"

"ते केव्हा टाकता त्यावर आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि दिवाळीनंतर थंडीत उलटा, उत्तरेकडे. पावसाळ्यात टाकली तर ओढ मालवण, गोव्याकडची. पण लाटा आणि वारा बाहेरून इतके ढकलतात की बहुतेक आपल्याच पुळणीवर परत येईल. थंडीत टाकली तर दाभोळ, हर्णै, मुरुडच्या बाजूला."

"हर्णै," वहिनींनी बाटली गडग्यावर आपटली. "म्हणजे संपलंच. तिथे माझी चुलतनणंद रोज सकाळी पुळणीवर फिरायला जाते. तिला बरोब्बर सापडेल. उघडून वाचेल, सगळ्या हर्णैला सांगेल आणि मला एका शब्दाने कळवायची नाही."

मग त्यांनी तांदळाचं सूप उचललं आणि आत जाता जाता विचारलं की बूच मिळेल का माझ्याकडे, फिनेलला घट्ट बसेल असं.